घ्यायचं राहिलेलं नाव

"रडू दे गं त्याला. पोर असं रडायला लागलं की समजावं, कोणीतरी दाराशी येऊन उभं आहे. आपल्यालाच नाव आठवत नाही, तर ते बिचारं आत येणार कसं?"

हा आवाज अविनोच्या सासूचा. छत्तीस वर्षं झाली तो ऐकून. आवाजाची धनीण कधीच अंगणातल्या मातीत गेली, आणि त्या मातीवरचं गवत खाऊन शेळ्यांच्या किती पिढ्या मोठ्या झाल्या. पण आवाज तसाच राहिला. तेव्हा अविनो एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण, मांडीवर पोर, आणि पोर तीन दिवस टाहो फोडतंय. सासू उंबऱ्याशी उकिडवी बसली आणि घरातल्या मेलेल्या माणसांची नावं एकेक करून घेऊ लागली. कोंबड्यांना दाणे टाकताना बाई जशी बोलावते ना, तशा सुरात. सातव्या नावाला पोरानं एक आवंढा गिळला आणि गप्प झालं.

"ओदेरा," सासूनं पुन्हा म्हणून पाहिलं. मिठाच्या गोण्या आणायला गेलेला तिचा थोरला दीर वाटेतच तापानं गेला होता, त्याचं हे नाव. पोर तिच्याकडे टकमका बघत राहिलं. "आलास का बाबा," म्हणत सासूनं अंगावर गुंडाळलेल्या लेसोच्या पदरानं डोळे पुसले.

तेव्हापासून तो ओदेरा झाला, आणि अविनो झाली ओदेराची आई. तिचं स्वतःचं नाव माहेरच्या वाटेवरच कुठंतरी सांडून गेलं.

आता त्याच अंगणात पुन्हा एक पोर आलं होतं. ओदेराच्या पाठच्या वासोंगाचं, लग्नानंतर सात वर्षांनी झालेलं. आजचा त्याचा नववा दिवस.

सकाळचं ऊन शेराच्या कुंपणावरून अंगणात उतरलं होतं. थोरली सून अपोंडी पोराला न्हाऊ घालत होती. न्हाऊ घालायचं काम तिनं पहिल्याच दिवशी स्वतःकडे घेतलं होतं. पोराच्या आईनं, धाकट्या रिस्परनं, दोनदा हात पुढे केले आणि दोन्ही वेळा पोराचं डोकं पाण्यात कलंडायची वेळ आली. अपोंडीचा हात मात्र सराईत होता. डाव्या तळव्यात मानेचा भार, कोपरानं पाण्याचा कढतपणा बघायचा, मग कानामागे, काखेत, मांडीच्या घडीत. पाण्यात गेलं की पोर गप्प व्हायचं. डोळे वटारून आभाळाकडे बघायचं, जणू काल कुणीतरी आभाळ जागचं हलवून ठेवलंय.

"बघा बघा, आजोबा आले पंचायतीला," अपोंडी म्हणाली. "भुवया बघा कशा चढल्यात. ह्याला खटला निवडायचाय."

"नाक मात्र रिस्परच्या बापाचं आहे," अविनो म्हणाली.

"आई, नका हो असं म्हणू. तेवढ्याचसाठी माझं लग्न दोन वर्षं जुळत नव्हतं." रिस्पर चटईवर नाचणीच्या लापशीचं भोपळ्याचं भांडं घेऊन बसली होती. हसताना तिला टाके ओढले, तसा तिनं पोटावर हात धरला.

अपोंडीनं पोराला पुसलं, गाईचं तूप दोन्ही तळव्यांवर चोळून त्याच्या पाठीवर फिरवलं. पोरानं अंग ताणलं, दोन्ही मुठी कानाशी नेल्या, आणि एवढंसं तोंड केवढं मोठं उघडून जांभई दिली. तिघी बायका त्या जांभईकडे बघत बसल्या. पावसाआधी ढगाकडे बघावं तशा. मग पाठोपाठ शिंक आली, तीही दोनदा, आणि तिघींना हसू फुटलं. घरात हसण्यासारखं दुसरं काय होतं? अपोंडी त्याला खांद्यावर घेऊन हलक्यानं गाऊ लागली,

*कुण्या गावच्या पाहुण्या, कुण्या वाटेनं आलास*
*पाण्यापल्याड जाऊन, कोणा भेटून आलास*
*थकला असशील बाळा, पाय माझ्या ओटीत दे*
*नाव सांगू नको घाईनं, आधी घोटभर दूध घे*

अविनोनं मान फिरवली. चुलीत काहीच घालायचं नव्हतं, तरी तिनं एक काटकी आत सारली.

पाण्यापल्याड. ही पोर दुसऱ्या कशाचं गाणं म्हणत नाही.

अकरा वर्षांपूर्वी ओदेरा सरोवरावर ओमेनाच्या मासेमारीला गेला. बोटाएवढी चंदेरी मासळी दिव्याला भुलून वर येते, म्हणून कंदील घेऊन चौघांची नाव निघाली होती. वादळानंतर नाव उलटी होऊन काठाला लागली. आठवड्याच्या आत तिघांना पाण्यानं परत दिलं. ओदेराला दिलं नाही. मग कोणी म्हणालं, बुडालेला वर येतोच, वर आला नाही म्हणजे कुठंतरी लागला असेल. कोणी म्हणालं, पलीकडे मुसोमाच्या बाजारात तसाच एक उंच माणूस दिसला, दोऱ्या विकत होता. पाण्याला दुसरा काठ आहे, आणि दुसऱ्या काठाला माणसं आहेत, एवढ्यावर घर तग धरून राहिलं.

दोन महिन्यांनी अविनो ज्वारीत एकटीच खुरपत असताना बेटावरचा एक म्हातारा नावाडी बांधावर येऊन उभा राहिला. गावोगाव विचारत आला होता. वादळानंतर तिसऱ्या दिवशी त्यांच्या काठाला एक जण लागला होता. चेहरा राहिला नव्हता. त्यांनी त्याला चिंचेखाली पुरला. "उजव्या कोपराला पोळल्याचा डाग होता, आई. पानासारखा, देठासकट," म्हातारा म्हणाला. "तुमचा होता का?"

दोन वर्षांच्या ओदेरानं उकळत्या लापशीचं मडकं ओढलं होतं. देठासकट पान उमटलं होतं.

"नाही," अविनो म्हणाली. "हा माझा नव्हे."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, टोपी काढली, पुन्हा घातली, आणि पुढच्या गावाच्या वाटेला लागला. अपोंडीला तेव्हा सातवा महिना होता. अविनोनं मनाशी म्हटलं, बाळंत होऊ दे, मग सांगू. मुलगी झाली, ती श्वास न घेताच. मग म्हटलं, अंगात जीव येऊ दे. मग कसावा लावायच्या दिवसांत अपोंडी पहिल्यांदा हसली आणि म्हणाली, "आई, तो येईल तेव्हा हा खणायला झाला असेल ना?" आणि अविनोच्या तोंडातलं तोंडातच राहिलं. ते राहिलं ते राहिलंच. बावीस वर्षांची पोर तेहेतीसची झाली. दरवर्षी नवऱ्याच्या झोपडीचं छप्पर नवीन गवतानं शाकारते. दोघा-तिघांनी तिला विचारलं, चांगली माणसं होती. "मी विधवा नाही," म्हणून तिनं वाटेला लावलं. आणि अविनोला, आता खोटं कशाला बोला, तेव्हा सुनेचा अभिमानच वाटला होता.

कुंपणाबाहेर सायकलची घंटा वाजली. पाठोपाठ आवाज आला, "अरे हळू, मी काय बटाट्याचं पोतं आहे?"

पेरेस आत्या आल्या. अविनोच्या नवऱ्याची थोरली बहीण, ह्या घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस. पोर पाचव्या दिवसापासून रोज तीन-तीन तास रडतंय, हे कळल्यावर त्यांनी निरोप धाडला होता, 'मी येईपर्यंत कोणी नाव ठेवायचं नाही.' सायकलवरून उतरून त्यांनी लुगड्यासारखा गुंडाळलेला लेसो झटकला, काठी टेकली आणि आल्या आल्या विचारलं,

"दवाखान्यात नेलंत का?"

"नेलं, आत्या," वासोंगा जाळं विणता विणता उठून आला. "नर्स म्हणाली, पोर धडधाकट आहे. पोटात वारा धरतो. महिन्याभरात थांबेल."

"धरतो ना. पण वाऱ्यालाही कोणीतरी पाठवतं. ओदेराच्या आई, चहा टाक. घसा ओला केल्याशिवाय मेलेली माणसं ऐकत नाहीत माझं."

चहा झाला, तळलेल्या गोड मांडाझी झाल्या. ऊन चढलं आणि ठरल्यासारखं पोरानं तोंड उघडलं. आधी कुरकुर, मग हुंदके, मग तो लांबलचक टाहो, ज्यात मध्येच श्वास अडायचा आणि रिस्परचाही त्याच्याबरोबर अडायचा. तिनं पाजायला घेतलं, पोरानं तोंड फिरवलं. वासोंगानं घेतलं, पोरानं पाठ धनुष्यासारखी ताणली. शेवटी आत्यांनी दाराशी चटई टाकायला लावली, रिस्परला पोरासकट समोर बसवलं, आणि सुरू केलं.

"ओपांडे," त्यांनी पहिल्यांदा आपल्या भावाला हाक मारली. अविनोच्या नवऱ्याला. "ओपांडे, तू आहेस का रे? असलास तर ये, लाजू नको."

पोर रडतच राहिलं.

"ओदेराच्या आई, तुझ्या नवऱ्याला काही पुन्हा तुझ्या हातचं खायचं दिसत नाही."

"जिवंत असताना तरी कुठं खायचे," अविनो म्हणाली. "तुमच्याच घरी जेवून यायचे, वन्सं."

"रबुरु. काका, तुम्ही? ... अबुया. अबुया, बाई असलीस म्हणून काय झालं, ये. ... मगोलो."

मगोलोचं नाव घेतल्याबरोबर पोरानं रिस्परच्या मांडीवर धार सोडली. रडणं मात्र थांबलं नाही.

"मगोलोच तो," आत्या म्हणाल्या. "वस्तीला नाही आला, वाटेत मुतायला थांबला. जन्मभर तेच केलं त्यानं."

वासोंगा फिस्सकन हसला. रिस्परला हसू आलं नाही. आत्यांनी आणखी नावं घेतली. शेतात वीज पडून गेलेला, गाई राखता राखता दूर देशी मेलेला, देवीच्या साथीत गेलेल्या दोघी बहिणी. प्रत्येक नावापुढे त्या क्षणभर थांबायच्या, कान देऊन. दर खेपेला अंगणातली सगळी माणसं श्वास धरायची, आणि दर खेपेला पोर पुन्हा टाहो फोडायचं. पंधरा नावं झाली. सोळावं आठवायला त्यांना वेळ लागला. सतरावं कोणालाच आठवेना.

आत्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

"एक राहिलंय," त्या म्हणाल्या.

कोणतं, हे विचारावं लागलं नाही. दिवसातून शंभरदा ते नाव ह्या अंगणात घेतलं जात होतं, ओदेराच्या आई इकडे या, ओदेराच्या आई मीठ द्या. आणि तरी ते घ्यायचं राहिलं होतं.

"ते नाही घ्यायचं, आत्या." अपोंडी धुतलेले कपडे शेरावर वाळत घालत होती, ती तिथूनच म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मेलेल्यांना बोलावताय ना? मग त्याचा काय संबंध?"

"पोरी, अकरा वर्षं झाली."

"मला माहीत आहे किती झाली ते. मोजायला दुसरं कोणी आहे का इथं?"

"वहिनी," वासोंगा खाली मान घालून म्हणाला, "आत्या काही वाईटावर नाहीत. आपण यागोचं फळही पुरलं नाही दादासाठी. ज्याचा देह मिळत नाही, त्याच्या जागी लोक ते फळ पुरतात, सुतक धरतात, मोकळे होतात. आपण काहीच केलं नाही. तो खरंच गेला असेल तर अकरा वर्षं दाराबाहेर उभा आहे."

"आणि नसेल गेला तर?" अपोंडी वळली. "जिवंत माणसाची माती करशील? तुझा सख्खा भाऊ आहे तो."

"तुम्हाला थांबायचं तर थांबा ना, ताई," रिस्पर एकदम बोलली. इतके दिवस ती अपोंडीला कधी उलटून बोलली नव्हती. "तुम्ही आणखी अकरा वर्षं थांबा. पण माझं पोर का त्यात? ते बघा कसं निळं पडतंय रडून. तुमचं असतं तर—"

ती थांबली. पण जायचं ते बाहेर गेलं होतं.

अपोंडीच्या हातातलं दुपटं तसंच राहिलं, अर्धं शेरावर, अर्धं हातात. वासोंगानं बायकोकडे पाहिलं आणि पुन्हा जाळ्याकडे. आत्यांनीसुद्धा नजर खाली घेतली. पोर तेवढं रडत होतं.

"माझं असतं तर," अपोंडी सावकाश म्हणाली, "मी पण हेच बोलले असते, रिस्पर. रडू नको. दूध आटेल तुझं."

तिनं दुपटं नीट पसरलं, हात पुसले, आणि अविनोपाशी येऊन उभी राहिली. सासू आपल्या बाजूची आहे, ह्या भरवशानं उभी राहिली.

"आई, तुम्ही सांगा ह्यांना. माणूस मुसोमाला दिसला होता की नाही? तुम्हीच सांगितलंत मला. मी पडून होते, बाळ गेलं होतं, आणि तुम्ही माझं डोकं मांडीवर घेऊन सांगितलंत, 'आईला कळतं गं, माझ्या आतड्याला पीळ पडला नाही, तो आहे.' सांगा ना."

अविनो आत्यांकडे वळली. "वन्सं," ती म्हणाली, "आजच्या दिवस राहू द्या. उन्हं उतरली की होईल शांत."

"काल पण उतरली होती उन्हं," आत्या म्हणाल्या. त्यांनी भावजयीकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, पण जरा जास्त वेळ पाहिलं. "ओदेराच्या आई, मी तुझ्या लग्नात तुझ्या डोक्यावर तूप घातलंय. तू कधी एवढं हळू बोलत नाहीस."



"बरं," अपोंडी म्हणाली. ती खाली वाकली आणि रिस्परच्या मांडीवरून पोराला उचलून घेतलं. रिस्परनं घेऊ दिलं. डाव्या तळव्यात मान, उजव्या हातात सगळं पोर. "मीच घेते नाव. तो जिवंत आहे, म्हणजे पोर रडतच राहणार. मग तुमची सगळ्यांची तोंडं बंद होतील, आणि पुन्हा ह्या घरात कोणी फळाबिळाचं नाव काढायचं नाही. चालेल, आत्या?"

"आणि थांबलं तर?" वासोंगानं विचारलं.

अपोंडी हसली. तिचे ओठ हसले, पण पोराखालचा हात थरथरत होता. सराईत हात. नऊ दिवसांत एकदाही न हललेला. अविनोला तो दिसला, आणि त्या हातात तिला सगळंच दिसलं. ही पोर पैज लावत नव्हती. तिला उत्तर हवं होतं. अकरा वर्षं मागत होती, आणि घरात कोणी देत नाही म्हणून आता नऊ दिवसांच्या जिवाकडे मागायला निघाली होती. पोर थांबलं तर ती उभ्या जागी कोसळणार होती. न थांबलं तर आणखी अकरा वर्षं छप्पर शाकारणार होती. दोन्हीकडून तिचाच जीव जाणार होता, आणि तो एखाद्या तान्ह्याच्या पोटातल्या वाऱ्यावर.

"आई, घेऊ ना?" अपोंडीनं विचारलं. परवानगी तेवढी तिला सासूकडूनच हवी होती. "तुम्ही घे म्हणा, की घेते."

अविनो उठली. चार पावलांचं अंगण, पण तिला वाटलं, ज्वारीचं सगळं शेत चालून आलेय. तिनं अपोंडीच्या थरथरत्या हाताखाली आपला हात दिला, म्हणजे पोराचा भार दोघींवर झाला. पोर रडत होतं. त्या रडण्यावरून ऐकू जाईल एवढा आवाज तिनं गोळा केला.

"पोराला विचारू नको," ती म्हणाली. "मला विचार."

"तुम्हाला काय विचारू, आई?"

"तू सातव्या महिन्यात होतीस. बेटावरून एक म्हातारा आला होता. त्यांनी एकाला चिंचेखाली पुरला होता, त्याच्या उजव्या कोपराला डाग होता. मला विचारलं, तुमचा होता का. मी नाही म्हटलं." तिनं सुनेच्या डोळ्यांवरची नजर काढली नाही. काढली असती तर पुढचं बोलणं झालं नसतं. "माझाच होता गं, अपोंडी. माझा ओदेराच होता."